गाडीचा फ्यूएल पंप बदलण्याआधी एवढं बघून घे

अगं, गाडी सुरू होत नाही आणि मेकॅनिक "मॅडम, पंप गया" म्हणाला म्हणून लगेच होकार देऊ नकोस. गेला असेलही. पण पंपापर्यंत करंट पोचतोय का, हे त्यानं अजून तपासलेलंच नाही, आणि नवा पंप काही स्वस्त नाही.

आधी तू स्वतः कान दे. काचा वर घे, एसी बंद कर, चावी फक्त ऑनवर ने, स्टार्ट मारू नकोस. मागच्या सीटखालून दोन-एक सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. पेट्रोल गाडीत पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडून असतो. आवाज आला तर मोटर निदान फिरतेय. काहीच आलं नाही तर फ्यूज बघ, मग रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र असतं. अगदी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावून पाहा. गाडी सुरू झाली तर रिलेवरच भागलं. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाल, मोठा कधीच नको. तो टिकेल आणि तार जळेल. नवाही लगेच उडाला तर तार कुठेतरी बॉडीला टेकतेय किंवा मोटर जाम आहे. आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर पंपामागे लागूच नकोस; गाडी तुझी चावीच ओळखत नाहीये.

खरी गोम पुढे आहे, आणि घाईत काम करणारा मेकॅनिक नेमकी तीच सोडतो. तो पंपाचं सॉकेट काढतो, मीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात आणि म्हणतो, करंट आहे, पंपच खराब. पण सॉकेट काढलेलं असताना तारेतून करंट वाहतच नसतो. गाळ साचलेल्या नळाचं कसं असतं, बंद असताना दाब पुरेपूर, उघडला की करंगळीएवढी धार. म्हणून सॉकेट जोडलेलंच ठेवून, पंप चालू असताना मागून मोजायला सांग. बॅटरीवर साडेबारा आणि पंपाशी दहा आले तर दोष वाटेत आहे. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी पंपाच्या अर्थच्या तारेला लाव. शून्याच्या आसपास यायला हवं. अर्धा व्होल्टही आला तर अर्थिंगचा नट सोडवून, घासून, पुन्हा आवळायचा. मीटर कोठीच्या गुजराती गल्लीत सहज मिळेल, एक घेऊनच ठेव.

आपल्या हैदराबादेत तारा-सॉकेटं जास्त बघावी लागतात. १३ ऑक्टोबर २०२० च्या पावसात किती गाड्या बुडाल्या, आठवतं ना? अशी गाडी वाळते, धुतली जाते, विकलीही जाते. सॉकेटमधल्या पिना मात्र हिरव्या पडत राहतात. तू गाडी सेकंडहँड घेतली आहेस, म्हणून सीट उचलून त्या पिना स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मात्र पेट्रोलचा वास येत असेल तर मीटर नाही, बॅटरी नाही, कशालाच हात लावायचा नाही. टाकीचं झाकण उघडायचं काम तर गॅरेजचंच.

आणि पंपच दोषी निघाला तरी पैसे काढायच्या आधी कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर घालून बघ. जुलै २०२० मध्ये मारुतीनं पंपात दोष असू शकतो म्हणून १,३४,८८५ वॅगन-आर आणि बलेनो तपासायला परत बोलावल्या होत्या. होंडानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे पंप फुकट बदलायला घेतले. आधीच्या मालकानं ते करून घेतलंच असेल असं धरून चालू नकोस. तुझी बलेनो २०१९ चीच ना? आरसी बुक काढ, नंबर मला पाठव, मी आत्ताच बघते.