चांगदेवांचा कोरा कागद

मानसपूजा म्हटली की आपण डोळे मिटून मनानेच पांडुरंगाला स्नान घालतो, गंध लावतो, तुळस वाहतो. हे चांगलेच आहे. पण वाहिलेली तुळसही मनातली आणि तिच्याआड लपवून ठेवलेले मागणेही मनातलेच, असे असेल तर पूजा अर्धीच राहिली असे आम्हांस वाटते.

आमच्या खानदेशात याचा मोठा दाखला आहे. दीपनगरहून फार दूर नाही, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे. योगी चांगदेवांनी काय सोडले नव्हते? घर सोडले, अन्न जिंकले, निद्रा जिंकली. काळ आला की प्राण ब्रह्मांडी चढवून त्यालाही परत पाठवीत आणि असे चौदाशे वर्षे जगले, अशी कथा संतचरित्रांत येते. मात्र ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले! वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ते ज्ञानाने वडील. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर आपला वडीलपणा जातो. शेवटी कागद कोराच धाडला. सगळे सुटले होते, मान सुटला नव्हता. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईंना. म्हणजे चौघा भावंडांत सर्वांत धाकटीला. आम्ही तर म्हणतो, त्यांची खरी पूजा त्या दिवशी झाली. त्याच मुक्ताई शके १२१९ (इ. स. १२९७) मध्ये याच तापीतीरी गुप्त झाल्या, आणि आजही आषाढीला कोथळीहून त्यांची पालखी पंढरीला निघते.

आता आपले पाहू. वीजकेंद्रात पाळी करणारा माळकरी असो की रावेर-यावलचा केळीवाला, वारीला निघताना पदरात एखादे मागणे बांधलेले असतेच. पोराला नोकरी लागू दे, लेकीचं जमू दे, केळीला भाव येऊ दे. मागू नये असे आमचे म्हणणे नाही. लेकराने आईजवळ नाही मागायचे तर कुणाजवळ? पण ‘अमुक झालं तरच पुढच्या वर्षी येईन’ असे म्हटले की तो बाजार झाला, वारी राहिली नाही.

मग इच्छेचे करायचे काय? दाबून ती मरत नाही, उलट रात्री उशाशी येऊन बसते. म्हणून नैवेद्याच्या वेळी तिचे नाव घेऊन तीच विठोबापुढे ठेवावी. ‘देवा, हे मला हवं आहे. आता हे तुझं. देशील तरी तुझा, न देशील तरी तुझाच.’ एवढे बोलून उठावे, आणि पोराचा अर्ज भरावा, केळीला पाणी द्यावे, वेळेवर पाळीला जावे. ‘ज्ञानेश्वरी’च्या अठराव्या अध्यायात माउलींनी स्वकर्माचीच फुले वाहायला सांगितली आहेत, हात जोडून स्वस्थ बसायला नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती इच्छा परत मनात आलेली असेल. येणारच. लाजू नये, रागावू नये. कालच्याच जागी पुन्हा नेऊन ठेवावी.