घरच्या सौर वीजसंचास बॅटरीची जोड

गेल्या कांहीं वर्षांत खेड्यापाड्यांतून घरांच्या छपरांवर सौर पॅनलें दिसूं लागलीं आहेत. केंद्र सरकारनें २०२४ सालच्या फेब्रुवारींत 'पीएम सूर्य घर' योजना सुरू केली व तींत १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटच्या संचास ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविलें. तेव्हांपासून हा प्रसार विशेष वाढला. परंतु संच बसविल्यावर पुष्कळांची एका बाबतींत निराशा होते. वळवाच्या पावसांत तार तुटते, दुसरे दिवशीं लख्ख ऊन पडतें, आणि घरांत मात्र दिवा लागत नाहीं. मग घाईनें बॅटरी आणली जाते व ती दोन उन्हाळ्यांत निकामी होते. प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव हाच आहे. तो इतरांस येऊं नये म्हणून ह्या विषयाचा येथें क्रमानें विचार केला आहे.

ऊन असतां अंधार कां?

वीज कंपनीच्या तारेशीं जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर तारेंतील वीज गेली कीं आपोआप बंद पडतो. हा दोष नव्हे. हें संरक्षण आहे. तार दुरुस्त करण्यास खांबावर चढलेल्या वायरमनास तार मेलेली आहे असें वाटावें, आणि आपल्या छपरावरची वीज उलट तारेंत जाऊन त्याचा प्राण जावा, असें होऊं नये म्हणून ही योजना असते. तेव्हां वीज गेल्यावरही घर चालू राहावयाचें असेल, तर बॅटरी व घरास तारेपासून तोडून चालविणारा इन्व्हर्टर हीं दोन्ही लागतात. नुसती बॅटरी आणून भागत नाहीं.

गरजेचा हिशेब

बियाणें आणण्यापूर्वीं आपण रान किती तें मोजतों. तसेंच येथेंही आधीं रात्रीची गरज मोजावी. एका मध्यम घराचें उदाहरण घेऊं. ९ वॅटचे ६ दिवे ५ तास, म्हणजे २७० वॅट-तास. ३० वॅटचे नव्या पद्धतीचे ३ पंखे ८ तास, म्हणजे ७२०. फ्रिजला रात्रीपुरते सुमारें ५००. टीव्ही ६० वॅटचा, २ तास, म्हणजे १२०. इंटरनेटचें यंत्र १० वॅटचें, १२ तास, म्हणजे १२०. मोबाइलांस ५०. एकूण १,७८० वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिटांहून किंचित् अधिक. इन्व्हर्टरमधील घट धरून बॅटरींतून २ युनिटें निघालीं पाहिजेत.

ह्याच घरांत जुने ७५ वॅटचे पंखे असते, तर पंख्यांनाच १,८०० वॅट-तास लागले असते. म्हणजे तीन पंखे बदलल्यानें रात्रीस एक युनिटाहून अधिक बचत होते. बॅटरी मोठी करण्यापूर्वीं गरज लहान करणें हाच स्वस्त मार्ग होय.

बॅटरी कोणती?

लेड-ॲसिड म्हणजे शिसें व गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं प्रथम केली. ती स्वस्त आहे व तालुक्याच्या गांवीं दुरुस्त होते. परंतु रोज अर्ध्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य फार घटतें. म्हणून २ युनिटें हवीं असल्यास ४ युनिटांहून थोडी अधिक क्षमता घ्यावी. १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या मिळून ४.८ युनिटें होतात, त्या पुरतात. दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची. ती चार पंचमांशपर्यंत रिकामी केली तरी चालते, म्हणून २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची, म्हणजे २.५६ युनिटांची एक बॅटरी तेंच काम करते. तिला पाणी घालावें लागत नाहीं, भरतांना वीज कमी वायां जाते, व ती हजारों वेळां भरतां येते. किंमत मात्र आरंभीं अधिक पडते.

खर्चाचा हिशेब

भाव गांवोगांव निराळे असतात. पुढील आंकडे केवळ रीत समजण्यासाठीं धरले आहेत. समजा, लेड-ॲसिडची जोडी ३६,००० रुपयांस मिळाली व ४ वर्षें टिकली. रोज २ युनिटें काढल्यास एकूण २,९२० युनिटें होतात; दर युनिटास सुमारें १२ रुपये पडले. लिथियमची बॅटरी ६०,००० रुपयांस घेतली व ती १० वर्षें चालली, तर ७,३०० युनिटें होतात. दर युनिटास सुमारें ८ रुपये पडले. म्हणजे आरंभीं महाग दिसणारी वस्तु शेवटीं स्वस्त ठरली.

पण वीज वर्षांतून ६० रात्रीच जात असेल, तर त्याच लिथियमच्या बॅटरींतून दहा वर्षांत १,२०० युनिटेंच निघतील व दर युनिटास ५० रुपये पडतील. अशा गांवीं बॅटरी ही बचत नसून विमा आहे, असें समजून निर्णय करावा. नेट मीटर असतां दिवसाची जादा वीज तारेंत जाते व तिचा वजावाट बिलांत मिळते. तितक्यापुरती वीज कंपनीची तार हीच आपली बॅटरी आहे. घरांत आजारी माणूस असेल, दुधाचा धंदा असेल, किंवा गोठ्याच्या वाटेवर विंचूकाट्याचें भय असेल, तर पन्नास रुपये युनिटही महाग नव्हे. तसें कांहीं नसेल, तर कर्ज काढून बॅटरी घेऊं नये.

जोडणी

नवा संच बसवावयाचा असेल, तर आरंभींच हायब्रीड इन्व्हर्टर घ्यावा. पॅनलें, बॅटरी व तार हीं तिन्ही तो एकटा सांभाळतो. जुना संच असेल, तर एक तर इन्व्हर्टर बदलावा, किंवा त्याच्या शेजारीं बॅटरीचा स्वतंत्र इन्व्हर्टर बसवावा. दुसऱ्या रीतींत दोन्ही यंत्रें परस्परांशीं जुळतात कीं नाहीं, हें विकणाऱ्याकडून लेखी घ्यावें. जरुरीचे दिवे, पंखे व फ्रिज यांचा निराळा बोर्ड करून तेवढाच बॅटरीवर ठेवावा. फेरफार करण्यापूर्वीं वीज कंपनीस कळवावें. घरगुती इन्व्हर्टर किंवा जनरेटर साध्या प्लगांतून उलटा जोडण्याचा प्रकार कोणीही करूं नये. त्यांत खांबावरच्या माणसाचा जीव जातो.

जागा व निगा

आमच्या पहिल्या बॅटऱ्या पत्र्याखालीं ठेवल्या होत्या. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं लेड-ॲसिड बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. तो आम्हांस पैसे मोजून शिकावा लागला. बॅटरी सावलीच्या, थंड, हवेशीर जागीं ठेवावी. लेड-ॲसिड बॅटरी भरतांना पेट घेणारा हायड्रोजन वायु सुटतो. म्हणून तिच्याजवळ चूल, देवघरांतील समई किंवा विडी नको. तिच्यांत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावें. विहिरीचें पाणी कधींही घालूं नये. ती अर्धवट रिकामी दिवसेंदिवस पडूं देऊं नये. निकामी बॅटरी भंगारवाल्याकडून अंगणांत फोडून घेऊं नये. शिसें मातींत व विहिरींत उतरून मुलांस अपाय करतें. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें ती विक्रेत्याच्या किंवा अधिकृत संकलकाच्या हवालीं करावी.

पंपाचें काय?

पांच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारें पावणेचार किलोवॅट, आणि सुरू होतांना तो त्याच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. तो घरच्या बॅटरीवर चालविण्याचा मोह धरूं नये. १०,००० लिटर पाणी ३० मीटरांवरून उचलण्यास, पंपांतील घट धरून, सुमारें २ युनिटें लागतात. तें काम दिवसा उन्हांत उरकून पाणी टाकींत सांठविलें, तर आपल्या उदाहरणांतील सबंध बॅटरीइतकें काम टाकीनें केलें असें होतें. आणि टाकी कांहीं चार वर्षांनीं बदलावी लागत नाहीं.

सारांश, आधीं गरज मोजावी, मग ती कमी करावी, पाणी टाकींत सांठवावें, आणि उरलेल्या रात्रीपुरतीच बॅटरी घ्यावी. ह्या क्रमानें जो जाईल त्याची बॅटरी लहान राहील, पुष्कळ दिवस टिकेल, आणि वादळाच्या रात्रीं त्याच्या गोठ्यांत दिवा असेल.