बॅग घेताना

विश्रामबाग हे सांगलीचे उपनगर. ते सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये वसले आहे. येथे विलिंग्डन महाविद्यालय आहे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि एक लहानसे रेल्वे स्थानकही आहे. सुट्टी लागली की वसतिगृहातील विद्यार्थी गावी निघतात. त्या दिवशी रस्त्याकडे नीट पाहा. कोणाच्या बॅगेचे चाक तुटलेले असते, कोणाची चेन उसवलेली असते. एखाद्याने तर बॅगेला सुतळीच बांधलेली असते! नवी असताना यातील प्रत्येक बॅग सुंदरच दिसत होती.

मुलांनो, प्रवासाचे सामान ठेवण्याची साधने काळाप्रमाणे बदलत गेली. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी असे. ट्रंक मजबूत खरी, पण ती उचलायला हमालच लागे. तिला संदूक असेही म्हणत. हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहे. सामान हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. ट्रंकेला लावायचे कुलूप म्हणजे तुमचे ‘कुफ्ल’च, अरबी शब्द मराठीत येताना थोडा बदलला, इतकेच. पुढे १९७० च्या दशकापासून व्हीआयपीसारख्या कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या सुटकेसी घरोघर दिसू लागल्या. चाके मात्र उशिरा आली. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना चाकांच्या सुटकेसचे पेटंट १९७२ साली मिळाले. ती पट्ट्याने ओढावी लागे. आज आपण वापरतो तशी, उभी धरून दांड्याने ओढायची बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७ मध्ये तयार केली. माणूस चंद्रावर १९६९ सालीच पोहोचला होता, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता हिशेबाकडे वळू. समजा, सांगलीचा एक बेदाण्यांचा व्यापारी महिन्यातून दोनदा मुंबईला जातो. म्हणजे वर्षाला चोवीस फेऱ्या झाल्या. त्याने १,२०० रुपयांची बॅग घेतली आणि ती एका वर्षात फाटली. एका फेरीला पन्नास रुपये पडले. त्याऐवजी ३,६०० रुपयांची बॅग घेतली आणि ती सहा वर्षे टिकली, तर १४४ फेऱ्या होतील. एका फेरीला पंचवीस रुपये पडतील. महाग वाटलेली बॅग निम्म्या खर्चात पडली!

पण हाच हिशेब सर्वांना लागू पडत नाही. जे कुटुंब वर्षातून एकदाच लग्नाला जाते, त्याने एवढे पैसे कशाला अडकवावेत? शेजाऱ्यांची बॅग मागून नेणे यात कमीपणा नाही. शिवाय ज्याच्या हातात आज हजारच रुपये आहेत, त्याला सहा वर्षांचा हिशेब सांगून काय उपयोग? त्याने चाकांचा मोह सोडावा आणि जाड कापडाची, दुहेरी शिवणीची साधी बॅग घ्यावी. त्याच पैशात चाके, दांडा आणि चकाकी मिळत असेल, तर कापडात किंवा शिवणीत काटकसर झालेली असण्याची शक्यता अधिक.

बॅग कशाची बनली आहे, तेही पाहावे. कडक बॅगांत एबीएस हे प्लॅस्टिक स्वस्त असते. पण जोराचा मार बसला तर त्याला तडा जाऊ शकतो. पॉलिकार्बोनेट दाबले तर वाकते आणि पुन्हा पूर्ववत होते. पॉलिप्रॉपिलीन हलके व चिवट असते. कापडी बॅगांवर ‘डेनिअर’ असा शब्द दिसतो. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका तो धागा डेनिअरचा. आकडा मोठा असेल तर धागा जाड. पण जाड धागा म्हणजे पक्की शिवण नव्हे. शिवण स्वतः उलटून पाहिली पाहिजे.

बॅग सामानाला शोभावी लागते. याचे चांगले उदाहरण शेजारच्या मिरजेत आहे. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीचा भोपळा वाळलेला आणि नाजूक असतो. घरात ठेवायला कापडी खोळ पुरते. दूर पाठवायची असेल तर आतून मऊ आणि बाहेरून कडक अशी पेटीच हवी.

माप घेतल्याशिवाय दुकानात जाऊ नये. रेल्वेच्या नियमाप्रमाणे डब्यात नेण्याच्या पेटीचे माप १०० × ६० × २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. शयनयान वर्गात ४० किलो आणि द्वितीय वर्गात ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते. विमानात मर्यादा कमी असते. पंधरा किलोची परवानगी असेल आणि रिकामी बॅगच साडेचार किलोची असेल, तर कपड्यांना साडेदहा किलोच उरतात.

दुकानात बॅग रिकामी ओढून पाहिली तर ती नेहमीच छान पळते. दुकानदाराला विचारून तिच्यात थोडे वजन भरावे आणि मग ओढावी. दांडा पूर्ण बाहेर काढून हलवून पाहावा. चेन कोपऱ्यावर अडकते का, ते तपासावे, कारण अनेकदा चेन कोपऱ्यावरच फाटते. चाके स्क्रूने बसवलेली असतील तर ती बदलता येतात. रिव्हेटने ठोकलेली असतील तर काम अवघड. चेनचा रनर मात्र गावातला बॅग दुरुस्त करणारा कारागीर थोडक्या पैशांत बदलून देतो. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी. हमी बहुधा बनावटीतील दोषापुरती असते. वापराने झालेल्या झिजेला ती लागू होत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वीच ते पत्र वाचावे.

स्वाध्याय
१. व्यापाऱ्याची ३,६०० रुपयांची बॅग दोनच वर्षांत फाटली असती, तर एका फेरीला किती रुपये पडले असते?
२. तुमच्या घरातील एका बॅगेची लांबी, रुंदी व उंची मोजा. ती रेल्वेच्या मापात बसते का, ते लिहा.
३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे, प्रवासाशी संबंधित पाच शब्द शोधा.