तोंड नसलेला पतंग

गेल्या जूनमध्ये मुरुडला मित्राकडे मुक्काम होता. रात्री पडवीतल्या दिव्याभोवती तळहातापेक्षा मोठा, तांबूस रंगाचा पतंग गरगरत होता. चारही पंखांवर एकेक गोल डोळा आणि त्यात काचेसारखी पारदर्शक खिडकी! मित्राची मुलगी साखरपाण्याची बशी घेऊन आली. "काका, याला भूक लागली असेल." मी म्हटले, "अगं, याला खाण्याजोगे तोंडच नाही!"

विद्यार्थी मित्रांनो, हा टसर रेशमाचा पतंग. ऐन आणि अर्जुन ही याची आवडती झाडे. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐनावर हेच किडे वाढवून कोसा रेशीम मिळवतात.

अंड्यातून निघालेला सुरवंट महिना-सव्वा महिना केवळ पाने खातो, चार वेळा कात टाकतो आणि मग कोश विणतो. पण ऐनाची पाने तर उन्हाळ्यात गळतात. मग पानांबरोबर कोशही खाली पडेल की! म्हणून सुरवंट आधी रेशमाचा मजबूत देठ बनवतो आणि त्याचे कडे थेट फांदीभोवती गुंफतो. पाने गळाली तरी कोश लोंबकळत राहतो. हिवाळा-उन्हाळा आत निपचित काढून पतंग पावसाच्या सुमारास बाहेर येतो.

आता हिशेब पाहा. विजेरीतला घट एकदाच भरलेला असतो. वापरू तसा तो संपत जातो. पतंगाचेही तसेच. सुरवंटाने साठवलेली ऊर्जा हीच त्याची सारी पुंजी. आयुष्य जेमतेम आठवड्याचे. तेवढ्यात नराने मादीचा गंध हुंगत तिला गाठायचे आणि मादीने दीडदोनशे अंडी घालायची. आमच्या पाहुण्याच्या शृंगिका पिसासारख्या रुंद होत्या. म्हणजे तो नर होता.

मग तो दिव्यापाशी का अडकला? पतंग दिव्याला चंद्र समजतो, असे पूर्वी सांगत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी वेगळेच दाखवले. उडताना बरेच कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, म्हणून या सवयीने वर-खाली बरोबर कळते. दिवा बाजूला असला, की कीटक त्याच्याकडे पाठ करण्यासाठी कलतो आणि घिरट्या घालू लागतो. दिवा खाली असला, तर तो उलटा होऊन कोसळतो. प्रत्येक घिरटीत घट रिता होतो आणि तो पुन्हा भरता येत नाही.

मुलीने बशी ठेवली आणि दिवा मालवला. थोड्या वेळाने पाहिले, तर पडवी रिकामी होती.

करून पाहा : एप्रिल-मे महिन्यांत ऐनाच्या निष्पर्ण फांद्यांवर देठाचे कोश शोधा. भोक असलेला कोश रिकामा. बाकीच्यांना हात लावू नका. आणि पावसाळ्यात काम संपले, की अंगणातला दिवा मालवा.