मुक्त विद्यालयाचा पट : एक टिपण

शाळेचा पट आणि प्रत्यक्ष हजेरी यांत अंतर असते, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या विद्यालयात दैनंदिन हजेरीच नाही, तेथे ‘पट’ या शब्दाचा अर्थ कोणता? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये प्रकल्परूपाने आरंभिलेले मुक्त विद्यालय १९८९ मध्ये स्वायत्त झाले आणि २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. त्याच्या प्रवेशसंख्येचा विचार याच प्रश्नापासून करावा लागतो.

येथील प्रवेश पाच वर्षे वैध असतो व त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेयही जमा राहते. तेव्हा एका वर्षाचे प्रवेश आणि त्याच वर्षाचे उत्तीर्ण शेजारी मांडून ‘गळती’ काढणे ही निव्वळ दिशाभूल होय. दोन विषय देऊन थांबलेली गृहिणी शाळा सोडून गेलेली नसते. वयाचेही तसेच. माध्यमिक स्तरास किमान वय १४ वर्षे, कमाल मर्यादा नाही. अशा समूहाचे सरासरी वय कोणाचेच वय नसते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने मात्र भाषेचा रकाना विशेष बारकाईने पाहावयास हवा. माध्यम, अभ्यासविषय म्हणून घेतलेली भाषा आणि मातृभाषा या तीन भिन्न गोष्टी होत. माध्यमिक परीक्षेच्या पाच विषयांत एक भाषा अनिवार्य असते. दुसरी घेता येते, घ्यावीच असे नाही. समजा, सुरतेतील मराठी घरातल्या एका मुलीने गुजराती माध्यम निवडले. भाषाविषय म्हणून तिने मराठी घेतली, तर ती एका तक्त्यात गुजराती व दुसऱ्यात मराठी ठरेल. गुजराती घेतली, तर मराठी दोन्हींतून लोपेल. घरात मात्र ती बोलली जातच राहील. केवळ माध्यमाच्या आकड्यांवरून परप्रांतातील मराठी वाचकवर्गाचे अनुमान बांधणाऱ्यांस (आणि असे अनुमान वारंवार बांधले जाते) ही मुलगी दिसणारच नाही. उलटपक्षी, हिंदी माध्यमाची निवड ही भाषिक आवड नसून जवळच्या अभ्यासकेंद्रात जे उपलब्ध होते त्याचा स्वीकार असू शकते. म्हणून माध्यमाचा तक्ता भाषाविषयांच्या तक्त्याशी, आणि तोही केंद्रनिहाय, ताडून पाहिल्यावाचून वापरू नये.