उसण म्हणून सोडू नका

कुस्ती धरणाऱ्या लेकराची कंबर दुखली की आमच्याकडं पहिला शब्द निघतो, 'उसण भरली.' मग तेल, शेक आणि गावात पायाळू कोण आहे याची विचारपूस. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज आहे. अकरावीत असताना माझ्यावर हे सगळे उपाय झाले. चार दिवस बरं वाटायचं, लंगोट लावून आखाड्यात उतरलो की कळ परत हजर. पुढं वाकताना फारसं काही नाही. डोकं-पाय टेकून पाठीचा पूल करायला गेलो की कंबरेच्या एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ. एक्स-रे साफ आला, म्हणून घरचे निर्धास्त झाले. पुढं एमआरआय झाला तेव्हा कळलं, कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या कमानीत बारीक तडा आहे.

वाढत्या वयात हे हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं. पाठ मागं वाकवणं आणि पिळणं पुन्हापुन्हा झालं की ते हळूहळू तडकतं. वेगवान गोलंदाजांना हाच त्रास होतो. कोणत्या डावात लागलं हे पोराला सांगता येत नाही, मग घरच्यांना वाटतं पोरगं अंग चोरतंय. ते चोरत नसतं हो.

अशा दुखण्यात सहसा तीन महिने आखाडा बंद ठेवावा लागतो. हे पचवणं अवघड. रामलिंग मुदगडच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव ऐकत वाढलेली आमच्या लातूर-नांदेडकडची पोरं माळेगावच्या नि लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या कुस्त्यांसाठी वर्षभर घाम गाळतात. तरीही थांबा. वेळेत थांबलं तर बहुतेक पोरं पुन्हा खेळतात.

दुखणं थांबलं म्हणजे कंबर तयार झाली, असं मात्र नाही. मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू असतो. तो प्रत्येक मणका जागेवर धरतो. ऑस्ट्रेलियात ज्यूली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की कंबर पहिल्यांदाच धरलेल्या रुग्णांचं दुखणं गेलं, तरी रोडावलेला हा स्नायू आपोआप भरला नाही. ज्यांच्याकडून खास व्यायाम करून घेतला, त्यांचाच भरला. नुसत्या जोर-बैठकांवर विसंबू नका. गुडघे-हात टेकून विरुद्ध बाजूंचा एक हात, एक पाय उचलायचा, कंबर हलू न देता दहा सेकंद धरायचं, श्वास चालू ठेवायचा. कुशीवर कोपर टेकून अंग सरळ उचलायचं. व्यायाम दिसायला किरकोळ आहेत. फिजिओथेरपिस्टसमोर शिकून घ्या, रोज करा. पूल आणि उचलून फेकायचे डाव सगळ्यात शेवटी.

वस्तादांना, आईबापांना हात जोडून सांगणं आहे: कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखली, मागं वाकताना कळ वाढली, तर हाडाच्या डॉक्टरला दाखवा आणि पोरगं पैलवानी करतं हे आवर्जून सांगा. पायात ताकद कमी वाटली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला विलासराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. रात्रीच गाडी काढा.