पाळणाघरांचा विस्तार : पैसा कोठून, किती आणि कसा?



पाळणाघराचा विषय निघाला की आपल्या सभांतून पहिली चर्चा जागेची होते. हॉल मिळाला, रंगरंगोटी झाली, खेळणी आली, की पाळणाघर झाले असे आपण समजतो. वास्तविक सकाळपासून सायंकाळपर्यंत मुलाजवळ थांबणारे माणूस म्हणजे पाळणाघर. म्हणून त्याच्या विस्ताराचा प्रश्न हा मुख्यतः दरमहा होणाऱ्या खर्चाचा प्रश्न आहे. या पाठात आपण त्याच अंगाने विचार करू.

गरज कोणाची?

आपल्या वस्त्यांतील कितीतरी माता धुणीभांडी, बिगारी, शेतमजुरी करतात. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून आली आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण ती काही तासच चालते. आईचा कामाचा दिवस त्याहून मोठा असतो. मग तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते आणि तिची शाळा सुटते. पाळणाघर न काढल्याने खर्च वाचत नाही. तो त्या मुलीच्या शिक्षणातून वसूल होतो.

भार कोणी सोसावा?

या प्रश्नाचे उत्तर परमपूज्य बाबासाहेबांनी फार पूर्वी दिले आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. आणि मालकालाही तिच्या श्रमाचा लाभ होतो, म्हणून त्यानेही वाटा द्यावा. पुढे १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. मूल वाढविणे हे केवळ आईचे खासगी काम नव्हे, हे तत्त्व यात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी टाकली. परंतु घरकाम करणाऱ्या भगिनीचा असा एक मालक नसतो. तिच्यासाठी शासन आणि समाज हेच उरतात.

शासकीय अनुदान

२०१७ च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत सर्वसाधारण राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ३० टक्के व चालविणारी संस्था १० टक्के अशी होती. पालकांकडून उत्पन्नाप्रमाणे दरमहा २०, १०० किंवा २०० रुपये घेण्याची तरतूद होती. २०२२ पासून ही योजना ‘मिशन शक्ती’खालील ‘पाळणा’ योजनेत आली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्यावर भर आला. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एके काळी देशात अनुदानित पाळणाघरे वीस हजारांहून अधिक होती. २०१९-२० पर्यंत ती सात हजारांच्या खाली आली. अनुदानासाठी अर्ज जरूर करावा, पण सारा डोलारा त्या एकाच खांबावर उभा करू नये. खासदार निधीचेही तसेच : त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी राहते, सेविकेचे मानधन निघत नाही.

एक हिशेब

समजा, २५ मुलांचे पाळणाघर महिन्याला २६ दिवस चालते. सेविकेला ८,०००, मदतनीस भगिनीला ५,०००, रोज प्रत्येक मुलाच्या आहाराला २० रुपयेप्रमाणे १३,००० आणि भाडे, वीज, औषधे मिळून ४,००० रुपये. एकूण ३०,०००, म्हणजे मुलामागे १,२००. पालकांना ३०० रुपये झेपत असतील तर ७,५०० जमा होतील आणि तूट दरमहा २२,५०० राहील. ही तूट केवळ व्याजातून भागवायची तर ७ टक्के दराने सुमारे ३८ लाख ५७ हजारांची ठेव हवी. ती एकदम जमणार नाही. परंतु २०० सभासदांनी दरमहा ५० रुपये दिले तर १०,००० रुपये होतात. उरलेल्या १२,५०० साठी अनुदान, आस्थापनांचा सामाजिक निधी व देणगीदार शोधता येतात.

आता दुसरे केंद्र काढले तर तूट ४५,००० होईल, पण सभासद तेवढेच राहतील. सेविकेचे मानधन थकले की ती जाते आणि मुलाला लागलेला लळा तुटतो. आहारात वा मानधनात कपात करून केलेला विस्तार हा विस्तार नव्हे.

तथागतांची शिकवण

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि एक आपत्तीसाठी राखून ठेवण्यास. त्याच सुत्तात चाकरांना शक्तीप्रमाणे काम, योग्य वेतन व आजारात शुश्रूषा देण्याचे कर्तव्यही सांगितले आहे. संस्थेलाही हे लागू आहे. म्हणून आम्ही सुचवितो :

१. पहिल्या केंद्राची सहा महिन्यांची तूट, म्हणजे वरील उदाहरणात १,३५,००० रुपये, बँकेत असल्याखेरीज दुसरे केंद्र उघडू नये.

२. इमारत निधी व चालू खर्चाचा निधी यांची खाती वेगळी ठेवावीत.

३. प्रत्येक देणगीची पावती द्यावी आणि दर महिन्याचा जमाखर्च विहारातील फलकावर लावावा. पालकांनाही तो वाचून दाखवावा.

४. जयंती व वर्षावासाच्या खर्चातील ठरावीक हिस्सा पाळणाघरासाठी काढावा.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या वस्तीत सहा वर्षांखालील मुले किती आणि त्यांना सांभाळण्यासाठी घरी थांबणाऱ्या बहिणी किती, याची यादी करावी. आणि वरील हिशेब आपल्या गावच्या दराने पुन्हा मांडावा. अर्ज करताना त्या यादीइतका भक्कम कागद दुसरा नाही. दान एकदा देणे सोपे असते. ते दरमहा, न चुकता देणे ही खरी साधना होय.

जयभीम! नमो बुद्धाय!